आईची पिशवी

वहिनीला मूल होणार नाही, हे ती आमच्या घरात आली तेव्हाच सगळ्यांना ठाऊक होतं. तिनेच सांगितलं होतं. दादाने तिला पहिल्यांदा घरी आणलं, आईने तिच्या हातात चहाचा कप दिला, आणि पहिला घोट घ्यायच्या आधीच ती म्हणाली, "मला गर्भाशय नाही. जन्मापासूनच नाही. बाकी सगळं जागच्या जागी आहे. नंतर कळून वाईट वाटण्यापेक्षा आधीच सांगते."

आई तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बिस्कीट घे."

एवढंच. लग्न झालं आणि वहिनी आमची झाली. आमच्या घरात सगळेच दुरुस्तीवाले. दादा लिफ्ट दुरुस्त करतो, मी कवळ्या बनवते, आई खिडकीशी शिलाई मशीन ठेवून लोकांचे कपडे सैल-घट्ट करायची, आणि वहिनी एका कानाच्या दवाखान्यात तपासनीस. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. आई म्हणायची, "माणूस आपल्या घरात एका दारातून आला तर दुसऱ्या दारातून नवा होऊन बाहेर पडेल."

वहिनीची जागा दवाखान्याच्या तळघरात होती. तिथे एक आवाजबंद केबिन. फ्रिजसारखं जाड दार, भिंतींना आतून भोकाभोकांचा फोम, आणि एक काचेची खिडकी. पेशंट आत बसतो, कानांवर हेडफोन, हातात वायरचं बटण. आवाज आला की बटण दाबायचं; बाहेर वहिनीच्या टेबलावर दिवा लागतो. तिची खरी ख्याती खोटं पकडण्यात होती. काही लोकांना ऐकू येत असतं आणि ते नाही म्हणतात. काहींना येत नसतं, पण लाजेखातर अंदाजाने बटण दाबतात. वहिनी हातांकडे बघायचीच नाही. "ज्याला खरंच ऐकू येतं," ती म्हणायची, "त्याचे डोळे आधी थांबतात. अंगठा नंतर हलतो."

लग्नाला पाच-सहा वर्षं झाली असतील. एके दिवशी दादा मोठ्या हॉस्पिटलची लिफ्ट दुरुस्त करायला गेला आणि तिथून एक बातमी घेऊन आला. तिथे गर्भाशय बसवतात. एका बाईचं काढून दुसऱ्या बाईला. वहिनीने ते ऐकलं, उठली आणि भांडी घासायला लागली. भांडी आधीच घासलेली होती.

दोघं जाऊन डॉक्टरीणबाईंना भेटून आले. वहिनीची अंडाशयं चांगली होती, तब्येत चांगली होती, फक्त देणारी कुणीतरी हवी होती. वहिनीच्या आईची पिशवी कधीच काढून टाकलेली. माझं लग्न व्हायचं होतं, त्यामुळे माझा विचारच कुणी केला नाही. त्या रात्री जेवायला बसलो होतो. आईने पाण्याचा ग्लास खाली ठेवला आणि म्हणाली, "माझी घ्या की. पडूनच आहे."

"आई, काहीतरीच काय!" दादा म्हणाला.

"काहीतरी काय त्यात? तू त्यात मावलास ना? एवढ्या मोठ्या डोक्यासकट? मग तुझं पोर मावेल." आणि वहिनीकडे वळून म्हणाली, "तुझ्याकडे नाही, माझ्याकडे आहे. सासरकडून काहीतरी मिळालं म्हणशील."

वहिनी तिच्या गळ्यात पडून रडली. दादा उठून गॅलरीत गेला. ज्या जागेत आपण वाढलो त्याच जागेत आपलं मूल वाढणार, हे त्याच्या पचनी पडायला बरेच दिवस लागले. माझ्या तर अजूनही ते नीट पचनी पडलेलं नाही, कारण त्या जागेत मीही राहून आलेय.

डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. त्यांनी आईला विचारलं, "बाळंतपणं किती?" आई खिडकीबाहेर बघत "दोन" म्हणाली. मग त्यांनी आम्हा सगळ्यांना समजावून सांगितलं. "रक्ताच्या नळ्या आम्ही जोडतो. संवेदनेच्या तारा जोडता येत नाहीत. त्यामुळे उद्या कळा सुरू झाल्या तरी हिला त्या कळणार नाहीत. आम्हालाच लक्ष ठेवावं लागेल."

"म्हणजे पॉवर आहे, पण इंडिकेटर नाही," दादा म्हणाला.

"तसंच समजा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हसल्या मात्र नाहीत.

दोघींची ऑपरेशनं एकाच दिवशी झाली. आधी आईचं, मग वहिनीचं. आई शुद्धीवर आली तेव्हा मी जवळ होते. ओठ कोरडे पडले होते. डोळे न उघडता तिने विचारलं, "बसली का नीट?" ब्लाउजची बाही बसली का विचारावं, तसं.

बसली होती. शरीराने ती परकी म्हणून झिडकारू नये यासाठी वहिनीला मूठभर गोळ्या सुरू झाल्या, सारख्या तपासण्या सुरू झाल्या, आणि एका सकाळी ती बाथरूममधून ओरडतच बाहेर आली. तिला पाळी आली होती. बत्तिसाव्या वर्षी, पहिल्यांदा. ती हसत होती, रडत होती, मला मिठ्या मारत होती. "अगं, काहीच दुखत नाहीये! तुम्ही बायका उगाच नाटकं करता!"

तेवढ्यात स्वयंपाकघरात काहीतरी पडलं. आई सिंकला धरून वाकली होती. कपाळावर घाम. "काही नाही," ती म्हणाली, "कंबर धरली." तिची पाळी जाऊन काही वर्षं झाली होती, आणि आता तर पिशवीच नव्हती. आम्हाला वाटलं, टाके ओढले असतील.

पुढच्या महिन्यात वहिनीला पाळी आली आणि आई गरम पाण्याची पिशवी घेऊन आडवी झाली. त्याच्या पुढच्या महिन्यात तर आई सकाळी उठल्या उठल्याच म्हणाली, "सूनबाई, आज कामावर जाताना तयारीने जा." दुपारी वहिनीचा मला फोन आला. "आली," एवढंच ती आधी बोलली. मग म्हणाली, "त्यांना कसं कळलं?"

डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, "तुटलेल्या तारांचा खेळ आहे. हात गेलेल्या माणसाची बोटं खाजतात, तसं." ते आम्हाला पटलं. पण ज्या दिवशी हिला, त्याच दिवशी तिला कसं, असं मी विचारलं तेव्हा त्या रिपोर्ट चाळायला लागल्या.

ऑपरेशनच्या आधीच वहिनी आणि दादाचे गर्भ तयार करून गोठवून ठेवले होते. त्यातला एक आत सोडला, आणि तो पहिल्याच खेपेला रुजला. घरात आनंदीआनंद. उलट्या वहिनीलाच झाल्या, डोहाळेही तिलाच. पाय तिचेच सुजले. सगळं रीतसर चाललं होतं. आईच्या दुखण्याचा विषय मागे पडला.

मग एका दुपारी मी घरी कवळ्यांचं काम घेऊन बसले होते आणि आई मशीनवर पडदे शिवत होती. मशीन मध्येच थांबलं. मी वर पाहिलं. आईचे पाय पायट्यावर तसेच होते आणि हात पोटावर होता.

"जागं झालं," ती म्हणाली.

"काय?"

"हललं. इथे, डाव्या बाजूला. मासा वळावा तसं."

मी हसले. वहिनी त्या वेळी शहराच्या दुसऱ्या टोकाला, तळघरात कुणाचे तरी कान तपासत होती. पण त्यानंतर हे रोजचंच झालं. आई भाजी चिरता चिरता थांबायची. जिन्यात थांबायची. बोलता बोलता चेहरा मऊ व्हायचा आणि वाक्य अर्धंच राहायचं. वहिनीला मात्र काहीच जाणवत नव्हतं. बाळाची वार पुढच्या बाजूला आहे, त्यामुळे उशिरा कळेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. पुढे पोट चांगलं वर आलं, बाळाची लाथ बाहेरून दिसायला लागली, तरी वहिनी म्हणायची, "हात ठेवला तर हाताला कळतं. पोटाला कळत नाही. दुसऱ्या कुणाच्या पोटावर हात ठेवल्यासारखं वाटतं."

संध्याकाळी कामावरून आली की ती आधी मशीनच्या खोलीत जायची. "आज किती हललं?" आई सांगायची. सकाळी जरा शांत होतं, दुपारी फार दंगा केला, आता उचकी लागलीय. सुरुवातीला दोघी यावर हसायच्या. मग वहिनी नुसतं ऐकून घ्यायला लागली. मग तिने विचारणंच सोडलं. मशीनचा आवाज येत असला की ती आपल्या खोलीचं दार लावून घ्यायची.

एकदा जिन्यात तिने माझा हात धरला. "खरं सांगू? माझं बाळ तुझ्या आईच्या पोटात आहे. मी नुसती ते घेऊन हिंडतेय."

"असं काय बोलतेस?"

"मग काय बोलू? किंवा मग त्या खोटं बोलत असतील. तसं असेल तर बरं होईल. मला एकदा बघायचंय."

तिने ते अगदी तिच्या पद्धतीने बघितलं. सुट्टीच्या दिवशी दवाखाना बंद असतो. तिच्याकडे किल्ली होती. भर दुपारी आम्ही तिघी तळघरात उतरलो. दादाला एका अडकलेल्या लिफ्टसाठी बोलावणं आलं होतं, आणि ते बरंच झालं. तो असता तर हे होऊच दिलं नसतं. आम्हाला वाटत होतं तसं आईला काही वाईट वाटलं नाही. उलट ती उत्सुक होती. खुर्चीत बसली, हेडफोन नीट केले, बटण हातात घेतलं. "दाबायचं कधी?"

"आत काही जाणवलं की," वहिनी म्हणाली. "हेडफोनमधून काही येणार नाही. फक्त बाहेरचं काही ऐकू येऊ नये म्हणून."

तिने ते जाड दार लावलं. आई काचेपलीकडे, अर्धवट पाठमोरी. तिला आम्ही दिसत नव्हतो, आम्हाला मात्र तिच्या चेहऱ्याची एक बाजू दिसत होती. वहिनी टेबलापाशी बसली आणि माझा तळवा तिने आपल्या पोटावर ठेवून घेतला.

बराच वेळ काहीच झालं नाही. तळघरात ट्यूबलाइटची गुणगुण तेवढी. मग दिवा लागला आणि त्याच क्षणी, खरं तर दिव्याच्या किंचित मागून, माझ्या तळव्याला लाथ बसली.

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. पुन्हा दिवा, पुन्हा लाथ. पुन्हा. एकदाही चूक नाही. मला तळवा काढून घ्यावासा वाटला, पण तिने तो दाबून धरला होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मग दिवा लागला आणि हाताला काहीच लागलं नाही.

आम्ही वाट पाहिली. पुन्हा दिवा. पोट शांत. थोड्या वेळाने पुन्हा. हे बाळाच्या लाथांसारखं अधूनमधून नव्हतं, सावकाश होतं. दमलेल्या माणसाने दार ठोठावावं, तसं. मध्ये बाळाची खरी लाथ आली, तिचाही दिवा लागला, आणि त्यामागून परत ते सावकाश.

"आता अंदाजाने दाबतेय," मी कुजबुजले. कुजबुजायची काही गरज नव्हती.

वहिनी काचेतून आईच्या डोळ्यांकडे बघत होती. तिचा चेहरा उतरला. "नाही," ती म्हणाली. "आधी डोळे थांबतायत. त्यांना खरंच जाणवतंय."

"पण इथे तर काही..."

तेवढ्यात दिवा लागला आणि विझेना. आत आई पुढे वाकली होती, बटण मुठीत आवळून. दिवा विझला. आई सरळ झाली, श्वास घेतला. काही मिनिटांनी पुन्हा लागला, तसाच लांबलचक.

वहिनीला माझ्याआधी कळलं. "पोट बघ," ती म्हणाली. मी दाबून पाहिलं. पोट लाकडाच्या फळीसारखं कडक झालं होतं. मग हळूहळू सैल पडलं, आणि दिवा विझला. वहिनी खुर्चीत शांत बसली होती. तिला काही म्हणजे काही होत नव्हतं.

मी दार उघडलं. आई घामाने भिजली होती. "हिला घेऊन चला," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. कळा आहेत या. मला ओळखता येतात."

टॅक्सीत वहिनी मध्ये बसली होती. एका बाजूने मी तिला धरलं होतं, दुसऱ्या बाजूने तिने आईला. हॉस्पिटलच्या दारात व्हीलचेअर घेऊन आलेल्या नर्सने सरळ आईला धरलं. "ही नाही, ती," मी ओरडले. नर्सने पोटाकडे पाहिलं, मग चेहऱ्यांकडे, आणि गोंधळून गेली.

वहिनीच्या पोटाला मशीन लावलं तर कागदावर डोंगरामागे डोंगर उमटत होते. बाळाला यायला अजून फार अवकाश होता. डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शनं देऊन कळा थांबवल्या. "वेळेवर आलात," त्या म्हणाल्या. "हिला कळणं शक्यच नव्हतं. कसं लक्षात आलं?"

"पोट कडक लागलं हाताला," वहिनी म्हणाली. बाकीचं सांगितलं नाही.

तिला तिथेच ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आई डबा घेऊन आली, तेव्हा वहिनी उशीला टेकून बसली होती. दादा औषधं आणायला खाली गेला होता. तिने आईला कॉटवर बसवलं.

"ते दुसरं काय होतं? ते सावकाश?"

आई डब्याचं झाकण काढायला लागली.

"आई, मला सांगा. सोनोग्राफीत एकच आहे."

"एकच आहे तुझं," आई म्हणाली. "दुसरा माझा."

मी तोपर्यंत समजत होते की दादा थोरला. तो थोरला नव्हता. त्याच्या आधी एक मुलगा होता. दिवस भरत आले होते, आणि आई तेव्हा एका कारखान्यात मशीनवर बसायची. "मशीन सुरू असलं की सगळं अंग हलतं," आई म्हणाली. "पोटातलं काही कळत नाही. संध्याकाळी घरी आले, पाय पसरून बसले, तेव्हा लक्षात आलं की तो गप्प आहे. केव्हापासून गप्प आहे, ते आठवेना. सकाळी होता. दुपारचं माहीत नाही." तिने डब्याचं झाकण परत लावलं. "बाहेर काढला तो. बघितला मी. तरी मला कधी वाटलंच नाही की तो निघालाय. मधूनमधून ठोकत राहिला. तुझ्या नवऱ्याच्या वेळी, हिच्या वेळी, आणि मध्येसुद्धा, रिकामी असताना."

हिच्या वेळी म्हणजे माझ्या वेळी.

"डॉक्टरांना का नाही सांगितलंत?" वहिनीचा आवाज चढला. "दोनच बाळंतपणं म्हणालात!"

"सांगितलं असतं तर घेतली असती का त्यांनी?"

"म्हणून दिलीत मला? यासाठी?"

"तुझ्यासाठीच दिली," आई म्हणाली. "पण मनात आलं एकदा. म्हटलं, जागा बदलली तर त्यालाही वाट सापडेल."

वहिनीने तोंड फिरवलं. त्या दिवशी आणि पुढचे कित्येक दिवस ती आईशी बोलली नाही. आई मात्र रोज यायची, दाराबाहेरच्या बाकावर बसायची. आणि गंमत म्हणजे नर्सबाई मशीनपेक्षा तिच्याकडे जास्त बघायला लागल्या. ती कमरेला हात लावून उठली की त्या आत धावायच्या.

तसंच झालं शेवटी. बाकावरून आई उठली, डॉक्टरीणबाईंना बोलावणं गेलं, आणि तासाभरात ऑपरेशन करून मुलगी बाहेर काढली. लहानशी, चिडलेली, दादाच्या मोठ्या डोक्याची. दादा तिला घेऊन खिडकीच्या उजेडात उभा राहिला.

पिशवी लगेच काढली नाही. दुसरं मूल हवं असेल तर राहू द्या, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण त्या गोळ्या फार कडक. वहिनीची किडनी कुरकुर करायला लागली. पोरगी सहा-सात महिन्यांची झाली, तेव्हा एका सकाळी वहिनी मशीनच्या खोलीत गेली. मी तिथेच होते. पोटातलं बाळ कधीच बाहेर आलं होतं, तरी आईचे पाय अजून मध्येच थांबायचे. आम्ही दोघी ते बघायचो आणि बोलायचो नाही.

"आई," वहिनी म्हणाली, "तुमची आहे म्हणून विचारते. काढून टाकू का?"

आईने सुईत दोरा ओवला. गाठ मारली. "अजून आहे तो," ती म्हणाली.

"माहितीये मला."

आईने जास्तीचा दोरा दातांनी तोडला. "काढ," ती म्हणाली. "मला सोडवेना. तुला जमेल."

ऑपरेशनच्या दिवशी मी पोरीला मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकावर बसले होते. शेजारी आई. दादा खिडकीशी. कॉरिडॉर लांबलचक, धुतलेला, रिकामा. आई सकाळपासून पोटावर हात धरून होती. मध्येच तिने हात काढला. मग, समोरून कुणी जायला लागलं की बाकावरची माणसं घेतात तसे, तिने आपले दोन्ही पाय आत घेतले. थोडी वाट बघितली. मान वळवून कॉरिडॉरच्या टोकापर्यंत कुणाला तरी जाताना पाहिलं.

तिथे कुणीही नव्हतं. मी शपथेवर सांगते. मीही पाय आत घेतले.

"झालं," आई म्हणाली. "पाणी दे मला."

थोड्या वेळाने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, सगळं व्यवस्थित झालं म्हणाल्या. आई घरी आली आणि दिवसभर झोपली. त्यानंतर तिची कंबर दुखली नाही, आणि मशीन कधी अर्ध्या शिलाईत थांबलं नाही. कधीकधी मला वाटतं, तिला ते थोडं ओकंबोकं वाटत असावं. विचारलं मात्र नाही.

वहिनी बरी होऊन हिंडाफिरायला लागली. एका दुपारी पोरगी झोपली होती. वहिनी आईच्या शेजारी जाऊन बसली. खूप दिवसांनी दोघी अशा एकत्र होत्या.

"पहिल्यांदा हलली ती," वहिनी म्हणाली, "तेव्हा कसं वाटलं होतं? मला काहीच ठाऊक नाही. सांगाल?"

आईने तिचा हात ओढून घेतला, तळवा उलटा केला आणि त्यावर बोटांनी हलकेच ठोकून दाखवायला लागली. असं. मग असं. उचकी लागायची तेव्हा असं. वहिनी डोळे मिटून बसली होती. मधूनच हसत होती. मग आईचं बोट थांबलं.

"तोही दाखवा," वहिनी म्हणाली.

"नको. घाबरशील."

"दाखवा. इतके दिवस राहिला माझ्याकडे."

आईने एकच बोट तिच्या तळव्यावर ठेवलं आणि सावकाश ठोकलं. पुन्हा एकदा. वहिनीने मूठ मिटून ते बोट धरून ठेवलं, आणि दोघी पोरगी उठेपर्यंत तशाच बसून राहिल्या.